कच्चा टाका

गणपती दहा दिवसांवर आले होते, वारा अजून पुरता पडला नव्हता, आणि किल्ल्यावरच्या सत्यवतीला एका ओढणीची धास्ती बसली होती. दर्यावरच्या बाया वादळाला भितात, नवऱ्याची बोट दोन दिवस मागे राहिली की भितात. ही बाई दोन वार पांढऱ्या कापडाला भीत होती. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. तिच्या डोळ्यांनी जे बघितलंय ते बघितलं असतं, तर त्यांचीही दातखीळ बसली असती.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोर पाण्यात किल्ला, आणि किल्ल्याच्या भोवती त्यांची वस्ती. तिथली शाळा लहान पोरांपुरती. पुढं शिकायचं तर अँथनीमामाच्या बोटीत बसायचं आणि पलीकडच्या गावात जायचं. बोट ओहोटीला काठाला लागत नाही, म्हणून या अंगाला गुडघाभर पाण्यातून चढायचं, त्या अंगाला गुडघाभर पाण्यात उतरायचं. इतकी वर्षं पोरं घरच्या कपड्यांत यायची, गणवेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरायची, आणि पलीकडे उतरल्यावर फिलोमिनाबाईच्या सुकटीच्या खोपीत शिरून बदलायची. खोपीला बोंबलाचा वास होता, पण चार भिंती होत्या आणि आतून कडी होती. यंदा ज्येष्ठातल्या एका उधाणात ती खोप गेली. फिलोमिनाबाई म्हणाली, आता माझ्यानं परत बांधणं होत नाही गो. झालं. किनाऱ्यावर रिसॉर्टची माणसं, घोडेवाले, मोबाइल धरून फिरणारी पोरं. तिथं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी कपडे बदलायचे कुठं?

मग पोरी ओल्या फ्रॉकवर बाजारातून शाळेत जायच्या आणि तिथं बदलायच्या. ते कुणा साहेबानं तपासणीला आल्यावर बघितलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नियम लागला: घरून निघतानाच पूर्ण गणवेश. बूट, मोजे, आणि आठवीपासून पुढच्या मुलींना पंजाबी ड्रेसवर पांढरी ओढणी, घडी घालून दोन्ही खांद्यांना पिना. अपुरा गणवेश असेल त्यानं गेटाबाहेर उभं राहायचं.

सत्यवतीची दर्पणा नववीत. रोज सकाळी ती आईसमोर उभी राहायची आणि सत्यवती तोंडात पिना धरून ओढणीची घडी लावायची. हातांना सुकटीची खारट भेग पडलेली, त्यात पिनेचं टोक लागलं की कळ मस्तकात जायची.

"बोटीत काढून ठेव ना गो. उतरलीस की घाल."

"आये, रोज तेच. वाऱ्यात घडी होते का? हात ओले असतात. डाग पडला की नाव लिहितात. गेल्या गुरुवारी तीन जणी दोन तास बाहेर उभ्या होत्या, बाजारातली सगळी माणसं बघत होती."

"बघू दे."

"तू उभी राहा मग!"

 सत्यवतीनं पिना लावल्या आणि लेकीच्या मागोमाग पाण्यापर्यंत गेली. दर्पणानं सलवार गुडघ्यापर्यंत वळली, बूट गळ्यात अडकवले आणि पाण्यात शिरली.

"अँथनीदादा, पोरीला इंजिनापासून लांब बसव. तिची ओढनी बघ."

"बघतो गो बाय, बघतो," अँथनी ओरडला. साठी उलटलेला माणूस, इंजिनाच्या आवाजानं अर्धा बहिरा. "रोज ओढनी, ओढनी! बोट चालवू का ओढनी बघू?"

बोट ती केवढी, आणि माणसं ती किती! भाजीवाल्या, दूधवाला, शाळेची बावीस पोरं. इंजिन मधोमध. त्यावरची लाकडी पेटी कधीचीच मोडलेली, वर नुसतं गोणपाट. गोणपाटाखाली चाक गरागरा फिरत असायचं. लांब बसव म्हटलं तरी लांब म्हणजे किती, हातभर.

त्या चाकाला सत्यवती ओळखत होती. सात वर्षांची असताना ती मावशीबरोबर बोटीत बसली होती, समोरासमोर. मावशी नुकतीच लग्न झालेली, नवं लुगडं, पदर मोकळा. बोटीत चढताना बाईनं पदर कमरेला खोचायचा हे पोरगीसुद्धा जाणते, पण मावशी हसण्याच्या नादात विसरली. वाऱ्यानं पदर उडाला आणि चाकानं धरला. मावशी काहीतरी सांगत होती, तिचं वाक्यही पुरं झालं नाही. सत्यवतीनं ते पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. हरेश्वर आता आठवडाभर खोल दर्यात होता. तो असता तरी म्हणाला असता, डोक्यातून काढ ते. डोक्यातून काढायला ते डोक्यात कुठं होतं? ते पोटात होतं. बोटीची फटफट सुरू झाली की ती पलीकडे जाऊन थांबेपर्यंत सत्यवतीला वाळत घातलेले बोंबील उलटणंही सुचायचं नाही.

शेवटी ती शाळेत गेली. धुवट लुगडं नेसली, हात लिंबानं घासले, तरी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलेल्या एका बाईनं रुमाल नाकाशी नेला. मुख्याध्यापक आलोशियस सर निर्मळ गावचे, वाडीवाले. केळीच्या बागेतून स्कूटरवर येणारा माणूस. वाईट नव्हता. सत्यवतीला त्यांनी बसायला खुर्ची दिली. तीच बसली नाही.

"सर, पोरी बोटीतून येतात. ओढनी उडते. इंजिनात गेली तर..."

"बाई, पिना लावायला सांगितल्यात ना? उडेल कशी?"

"पिनेनं तर ती अंगाला बांधली जाते, सर. मोकळी असली तर कापड जाईल, पोर राहील."

सरांना ते कळलं नाही. कळणार कसं? केळीच्या बागेत कुणाचा पदर केळ ओढत नाही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, गणवेश कशासाठी असतो? माझ्या वर्गात बागायतदाराची मुलगी आहे, तुमची आहे, चंदनसारहून आलेली भाडेकऱ्याची आहे. गणवेशात सगळ्या सारख्या. कोण कुठली, कळत नाही."

"कळत नाही कसं सर? ओल्या पायांवरनं कळतंय."

रुमालवाली बाई खुदकन हसली. सर हसले नाहीत. मग म्हणाले, "एकाला सूट दिली की उद्या शंभर येतात. महिनाअखेर पुन्हा तपासणी आहे. तोवर तरी मला अडचणीत आणू नका." ते हे हळू बोलले, आणि सत्यवतीला दिसलं की हा माणूससुद्धा कुणालातरी भितोय. त्यानं तिचा धीर वाढला नाही, उलट गेला. भित्र्या माणसाकडे काय मागायचं?

परतीच्या बोटीत तिची नजर पुढच्या टोकाला ठेवलेल्या नांगरावर पडली. नांगराचा मुख्य दोर खालच्या बुडाला बांधलेला असतो आणि वरच्या कड्याला नुसता एक कच्चा दोरा. नांगर खडकात अडकला की जोरानं ओढायचं. कच्चा दोरा तुटतो, नांगर उलटा होऊन सुटतो, बोट वाचते. तिच्या बापानं तिला शिकवलेलं. कड्याला पक्का दोर बांधणाऱ्याला दर्या माफ करत नाही, असं तो म्हणायचा.

घरी येऊन तिनं पिना काढून फेकल्या. गोधडीची जुनी, विटकी, सुती दोऱ्याची रीळ काढली. बोटांत धरून दोरा ओढला, टचकन तुटला. हाच पाहिजे. तिनं ओढणीची घडी दर्पणाच्या कुर्त्यावर ठेवून दोन्ही खांद्यांना चार-चार लांब कच्चे टाके घातले.

"आये, हे काय?"

"नांगराचा कच्चा दोरा. हिसका बसला की सुटेल. लांबून कोनाला कळनार नाय."

दर्पणानं आरशात बघितलं. खरंच कळत नव्हतं. ती हसली, "तू पण ना!" त्या दिवशी कितीतरी दिवसांनी सत्यवतीनं बोट जाताना निवांत बघितली. तिनं बोंबलाच्या दोन रांगा उलटल्या. गाणंसुद्धा गुणगुणली म्हणे, शेजारणीनं ऐकलं.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी दर्पणा घरी आली. दप्तर टाकलं, भिंतीकडे तोंड करून बसली.

"काय झालं गो?"

 सगळं एकदम बाहेर आलं. गेटावर सर उभे होते. मॉनिटर मुलीनं "हिची घडी वाकडी" म्हणत ओढणी नीट करायला हात घातला, आणि ओढणी सगळीच्या सगळी तिच्या हातात आली. मागे मुलांची रांग होती. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, किल्ल्यावरचा माल, हात लावला की सुटतो. सर ओरडले, पण कुणावर? तिच्यावर. गणवेशाची थट्टा चालवलीस का, म्हणाले. दोन तास ती गेटाबाहेर छातीशी दप्तर धरून उभी होती.

"मी मेले असते तर बरं झालं असतं."

"असं बोलू नये!" सत्यवती एवढ्या जोरात ओरडली की दर्पणा दचकली. मग तिनं लेकीला जवळ ओढलं. ती आली नाही, लाकडासारखी ताठ राहिली. "उद्या मी येते गेटावर. मी बोलते."

"नको! तू बिलकुल यायचं नाही. तुझ्यामुळंच झालं."

त्या संध्याकाळी सत्यवतीनं ओढणी परत शिवली. कच्चीच. शिवताना तिला वाटलं पिना लावाव्या, हात पिनांच्या डबीपर्यंत गेला, आणि मावशीचं अर्धं राहिलेलं वाक्य कानात आलं. तिनं डबी बंद केली. दर्पणा अभ्यासाच्या पुस्तकावरून बघत होती. 

सकाळी दर्पणा आधीच तयार होती. केस विंचरलेले, ओढणी चापूनचोपून बसलेली. "उशीर होतोय," म्हणाली आणि आईच्या हाताखालून निसटली. सत्यवतीला बरंच वाटलं. रडतरडत गेली नाही एवढं पुरे. ती पाण्यापर्यंत गेली, नेहमीसारखी ओरडली, "अँथनीदादा, ओढनी!" अँथनीनं नेहमीसारखा कपाळाला हात लावला. वारा जोराचा होता आणि मधल्या पाण्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या. बोट सुटली.

घरी येऊन ती केर काढायला वाकली तेव्हा आरशाखाली तिला जाळं विणायची सुई दिसली. हरेश्वरची. तिच्यात हिरवा नायलॉन भरलेला. आणि खाली केरात सुती दोऱ्याचे बारीक तुकडे, तिच्या कालच्या कच्च्या टाक्यांचे.

सत्यवती मटकन खाली बसली. पोरीनं टाके उसवले होते. पहाटे उठून तिनं ओढणी नायलॉननं शिवली होती, जाळ्याच्या गाठी मारून. कोळ्याची पोर! बापाच्या मांडीवर बसून तिनं हीच एक गाठ शिकलेली, जी सुटत नाही, जिच्यात घोळ मासा धडपडून मरतो पण दोरा तुटत नाही. शाळेच्या गेटावर पुन्हा सुटू नये म्हणून तिनं ती मारली होती, आपल्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना.

ती धावली. पायात काही नव्हतं, शिंपल्या टोचल्या ते तिला कळलं नाही. किनाऱ्यावर पोचली तेव्हा बोट मधल्या पाण्यात होती, बोटभर दिसत होती. "अँथनीदादा!" ती ओरडली. वारा समोरून होता. आवाज तिच्याच तोंडात परत आला. तिनं दोन्ही हात हलवले. बोटीतल्या कुणीतरी हात हलवला, अच्छा केल्यासारखा.

ती पाण्यात उभी राहून फटफट ऐकत होती. इतके दिवस ती या आवाजाला भ्यायली. आता तिला वाटत होतं हा चालू राहू दे, पलीकडच्या काठापर्यंत असाच चालू राहू दे, देवा, मी परत कधी कटकट करणार नाही.

फटफट थांबली.

एकदम. मध्येच. मग वाऱ्यावरून एक किंकाळी आली, आणि मग पुष्कळ.

शेजारच्या कुणाची तरी छोटी होडी काठाला होती. सत्यवतीनं ती कशी ढकलली, वल्हं कुठून घेतलं, तिला नंतर आठवेना. ती वल्हवत होती आणि मोठ्यानं बोलत होती, कुणाशी ते देव जाणे. लाट येऊन होडीत पाणी भरत होतं. बोटीतली माणसं एका बाजूला उभी राहिली होती, बोट कलली होती, पोरं रडत होती, आणि त्या गर्दीत तिची पोर दिसत नव्हती. उभ्या असलेल्यांत ती नव्हती. सत्यवतीनं डोळे मिटून चार वल्ही मारली, कारण उघड्या डोळ्यांनी तिला पुढं जाता येईना.

बोटीच्या काठाला हात लागला तेव्हा तिला वर ओढून घेतलं. दर्पणा इंजिनापाशी फळीवर बसली होती. बसली होती! मान खाली, दोन्ही हात गळ्याशी. कुर्ता उजव्या खांद्यापासून पार बाहीपर्यंत फाटलेला. गळ्याभोवती लाल, रुंद वळ उठला होता, मध्ये रक्ताचे बारीक ठिपके. चाकाभोवती ओढणी काळ्या ग्रीसमध्ये गुंडाळली होती आणि अँथनी तिथं सुरी धरून गुडघ्यांवर बसला होता. 

"कापड फाटलं म्हनून," तो म्हणाला. "टाका नाय तुटला गो. कापड फाटलं एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं मी कापलं. तुझी रोजची कटकट, म्हनून नजर तिथंच होती. नायतर..." आणि हा साठीचा माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागला.

सत्यवतीनं लेकीच्या डोक्यावरून, पाठीवरून, हातांवरून हात फिरवला, जाळ्यातून काढलेलं काही चाचपावं तसा. सगळं जागेवर होतं. सगळं गरम होतं.

"दुखतंय? बोल गो. बोलता येतंय ना?"

दर्पणानं ओठ हलवले. आवाज घोगरा आला, घासून आल्यासारखा.

"आये, किती वाजले?"

अँथनीनं आपला शर्ट काढून पोरीच्या अंगावर घातला. बोट वल्ह्यांनी पलीकडे नेली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर दर्पणा ऐकेना. शाळा, शाळा, एवढंच. सत्यवतीनं मग वाद घातला नाही. डॉक्टरचा दवाखाना शाळेच्या पुढंच होता आणि शाळेतही तिला जायचंच होतं. चाकावरून कापून काढलेली ओढणी तिनं हातात घेतली. ती आता ओढणी नव्हती, काळा पिळा होता. त्याच्या एका टोकाला कुर्त्याचं निळं कापड लोंबत होतं आणि त्यात हिरव्या नायलॉनच्या चार गाठी जशाच्या तशा.

प्रार्थना सुरू होणार होती. आलोशियस सर गेटावरच होते. डिझेलनं माखलेला पुरुषाचा शर्ट घातलेली मुलगी त्यांना लांबून दिसली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जवळ आल्यावर त्यांनी तिचा गळा बघितला. आठी गेली. चेहऱ्यावरचं रक्तच गेलं.

सत्यवतीला पुष्कळ बोलायचं होतं. सगळ्या वाटेनं तिनं शब्द जुळवले होते.  तिनं तो पिळा सरांच्या हातात दिला.

"ही गाठ सोडवा, सर."

सरांनी खरंच बोटं घातली. काय करावं ते न सुचून माणूस काहीतरी करतो तशी. ग्रीस त्यांच्या पांढऱ्या बाहीला लागलं. गाठ हलली नाही. त्यांनी दोनदा ओढून बघितलं, मग त्यांचे हात तसेच राहिले.

"बाई, मला... मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मग मागे वळून मॉनिटरला म्हणाले, "किल्ल्याच्या मुलींना ओढणी नको. आजपासून नको. वहीत लिही. तपासणीला काय व्हायचं ते माझं होईल." आणि ते गेटातून बाजूला सरले. मोठं लोखंडी गेट त्यांनी स्वतःच्या हातानं पूर्ण उघडलं.

"ये बाळा. आत ये. बस जरा ऑफिसात, मी डॉक्टरांना इथंच बोलावतो."

मागून आलेल्या किल्ल्यावरच्या मुली एकेक करून पिना काढायला लागल्या. पिना फरशीवर पडल्याचा बारीक आवाज येत होता. आत प्रार्थनेच्या रांगा लागल्या होत्या, सगळी पोरं इकडे बघत होती, आणि आज कुणी हसत नव्हतं.

दर्पणा जागची हलली नाही.

"जा गो," सत्यवती म्हणाली. "सर बोलवतायत."

दर्पणानं अँथनीमामाच्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरली. ती उघड्या गेटाच्या पट्टीच्या अलीकडे उभी होती, जिथं ती काल दोन तास उभी होती, अगदी त्याच फरशीवर. तिचे पाय ओले होते.

"सर," ती त्या घासलेल्या आवाजात म्हणाली, "माझा गणवेश पूर्ण नाही."

"असू दे बाळा. मी सांगतोय ना, असू दे."

तिनं मान हलवली. पाऊल काही पुढं पडेना. घंटा झाली, प्रार्थना सुरू झाली, संपली. सर गेट धरून उभे होते, सत्यवती तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, आणि पोर तिथंच बाहेर उभी होती, आपलं नाव कुणी लिहिलं तर नाही ना ते बघत.